एकुलती एक हार्डडिस्क

तुमच्या घरातले गेल्या वीस वर्षांतले फोटो नेमके कुठे आहेत, हा प्रश्न आज रात्री जेवताना घरच्यांना विचारा. उत्तरं ठरलेली आहेत. ‘हार्डडिस्कवर आहेत.’ ‘गुगलवर आहेत.’ ‘फोटोग्राफरकडे असतीलच.’ ‘दादाला माहीत आहे.’ यातलं एकही उत्तर पुरेसं नाही. आणि चारही उत्तरं एकाच ताटाभोवती मिळाली, तर त्या घराचे फोटो धोक्यात आहेत.

दागिने बँकेच्या लॉकरमध्ये ठेवणारी माणसं बारशापासून बाराव्यापर्यंतचे फोटो टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये, केबल गुंडाळलेल्या एका डबीत टाकून मोकळी होतात. दागिना पुन्हा घडवता येतो. आजोबांच्या पंच्याहत्तरीचा फोटो पुन्हा काढता येत नाही, कारण आजोबाच नाहीत.

म्हणून आज एकच गोष्ट सांगायची आहे. एकाच जागी असलेला फोटो सांभाळलेला नसतो. तो अजून हरवलेला नाही, इतकंच. आता ती चार उत्तरं एकेक करून तपासू.

*

‘हार्डडिस्कवर आहेत.’

त्या डबीत काय असतं ते आधी बघा. चकचकीत तबकड्या मिनिटाला ५,४०० फेरे घेत फिरतात आणि त्यांच्यावर काही नॅनोमीटर अंतरावर, म्हणजे केसाच्या जाडीच्या हजारो पटींनी कमी उंचीवर, वाचणारं डोकं तरंगत असतं. चालू डिस्क टेबलावरून पडली, की ते डोकं तबकडीवर आपटतं आणि फोटो खरवडले जातात. टकटक आवाज सुरू झाला तर ती डिस्क त्या क्षणी बंद करा. ‘अजून एकदा लावून बघू’ या एका वाक्याने उरलेसुरले फोटोही गेलेले आहेत. त्यानंतर डेटा काढून देणाऱ्या तज्ज्ञाकडे जावं लागतं. तो डिस्कच्या किमतीच्या कितीतरी पट पैसे घेतो आणि तरीही खात्री देत नाही.

बॅकब्लेझ ही अमेरिकी कंपनी लाखो डिस्क चालवते आणि त्यांतल्या किती बंद पडतात, याचे आकडे २०१३पासून प्रसिद्ध करते. थंड, स्वच्छ, न हलणाऱ्या कपाटांत ठेवलेल्या या डिस्कपैकीही दरवर्षी साधारण शंभरातली एक-दोन जाते. आपली डिस्क एसटीच्या रॅकवर, ऑफिसच्या बॅगेत, पंख्याखालच्या धुळीत असते. ती एक दिवस जाणारच. त्या दिवशी दुसरी प्रत असेल का, एवढंच आपल्या हातात आहे.

‘मग एसएसडी घेऊ, तिच्यात फिरणारं काही नसतं.’ बरोबर. ती पडली तरी सहसा वाचते, वेगानेही चालते. प्रवासात आणि रोजच्या कामाला तीच घ्या. पण तिच्यात फोटो विद्युतभाराच्या रूपात साठवलेले असतात, आणि वीज न देता ठेवली तर तो भार हळूहळू झिरपतो. घरगुती वापराच्या एसएसडीसाठी जेडेक या संस्थेचं मानक असं, की वापरून पुरती झिजलेल्या एसएसडीने ३० अंश तापमानात विजेशिवाय एक वर्ष तरी डेटा धरून ठेवावा. नवी कोरी असेल तर बरीच जास्त टिकेल; उष्णता वाढेल तसा हा काळ घटेल. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात लोखंडी कपाटाच्या आत किती तापतं, ते तिथल्या लोकांना सांगायला नको. एसएसडी कपाटात टाकून पाच वर्षं विसरायची वस्तू नाही.

आणि हजार-दीड हजारात ‘१६ टीबी’ विकणाऱ्या जाहिरातींपासून दूर राहा. त्या खोट्या आहेत. आत एक छोटं मेमरी कार्ड चिकटवलेलं असतं आणि ते संगणकाला स्वतःची क्षमता खोटी सांगतं. फोटो कॉपी झालेले दिसतात, नावं दिसतात, आकडे दिसतात. उघडायला गेलं की आत काहीच नसतं. कोणतीही नवी डिस्क घेतली की आधी ती पूर्ण भरून, परत वाचून तपासा. एच२टेस्टडब्ल्यू आणि एफ३ ही दोन मोफत साधनं नेमकं हेच करतात. रात्रभर लागेल. लागू द्या.

*

‘गुगलवर आहेत.’

किती आहेत, हे कधी पाहिलंत? गुगल फोटोज २०१५ साली आलं तेव्हा थोड्या कमी दर्जाचे फोटो हवे तितके फुकट ठेवता येत होते. १ जून २०२१पासून ते बंद झालं. आता फुकटात मिळतात १५ जीबी, आणि त्यात तुमचे ईमेल आणि ड्राइव्हवरच्या फाइलही आल्या. ते भरलं की बॅकअप थांबतो. सूचना येते, ती आपण बोटाने बाजूला सारतो. कितीतरी घरांत शेवटचा बॅकअप त्या दिवशीचा आहे आणि त्यानंतरची पोरांची सगळी वर्षं एकट्या फोनवर आहेत.

दुसरं. फोन आणि क्लाउड एकमेकांना जोडलेले असतात. फोनमध्ये जागा करायची म्हणून ॲपमधून फोटो पुसलात, तर तो तिकडूनही पुसला जातो. गुगलच्या कचरापेटीत बॅकअप झालेला फोटो ६० दिवस राहतो, आयफोनवाल्यांच्या आयक्लाउडमध्ये साधारण ३०. त्यानंतर दाद मागायची सोय नाही. दोन्हीकडे एकाच वेळी जे पुसलं जातं, त्याला दुसरी प्रत म्हणता येणार नाही.

तिसरं. दोन वर्षं न वापरलेलं वैयक्तिक खातं गुगल बंद करून त्यातलं सगळं पुसू शकतं; हा नियम २०२३च्या डिसेंबरपासून लागू झाला. वडील गेल्यावर त्यांच्या खात्यात कुणी शिरलंच नाही, तर त्यांनी काढलेले फोटोही त्यांच्यामागून जाऊ शकतात.

आणि कंपन्याही चुकतात. मायस्पेसवर एके काळी जगभरच्या तरुणांची गाणी, फोटो, व्हिडिओ होते. सर्व्हर बदलताना २०१५पर्यंतचा मजकूर नष्ट झाला, हे कंपनीने २०१९ साली मान्य केलं. बारा वर्षांची साठवण एका बदलात गेली. लोकांनी विश्वास ठेवला होता. विश्वासाचा बॅकअप नसतो.

क्लाउड वापरू नका, असं मी म्हणत नाही. अवश्य वापरा, परवडत असेल तर पैसे भरून वापरा. घर पाण्यात गेलं तरी तिथली प्रत कोरडी राहते. पण ती तिसरी प्रत असावी. पहिल्या दोन आपल्या हातात हव्यात. गुगलवरचे फोटो खाली उतरवायला ‘टेकआउट’ ही सोय आहे. वर्षातून एकदा ती वापरा. उतरवताना प्रत्येक फोटोबरोबर एक छोटी माहितीची फाइल येते. ती कचरा समजून फेकू नका. पुष्कळदा फोटोची खरी तारीख तिच्यातच असते.

व्हॉट्सॲपवर आलेला फोटो म्हणजे मूळ फोटो नव्हे, हेही इथेच सांगतो. पाठवताना त्याचा आकार घटतो आणि कॅमेऱ्याने आत लिहिलेली तारीख, वेळ, ठिकाण ही माहिती गळून जाते. लग्नातला चांगला फोटो नातेवाइकाकडून हवा असेल, तर ‘डॉक्युमेंट म्हणून पाठव’ असं सांगा. मूळ फाइल जशीच्या तशी येते.

*

‘फोटोग्राफरकडे असतीलच.’

नसतील. एका लग्नाचे फोटो आणि व्हिडिओ मिळून शेकडो जीबी होतात, आणि एका हंगामात तो अशी डझनावारी लग्नं करतो. त्याने तुमचा डेटा जन्मभर का सांभाळावा? त्याचे पैसे तुम्ही दिलेत का? अल्बम आला, जेवणं झाली, विषय संपला. तीन वर्षांनी फोन केला तर ‘साहेब, ती डिस्क उडाली’ हे उत्तर येतं, आणि त्यावर भांडायचा हक्क आपल्याला नसतो.

ठरवतानाच लिहून घ्या: सगळे मूळ फोटो मिळतील, अमुक दिवसांत मिळतील, आणि तोवर ते दोन ठिकाणी ठेवले जातील. स्वतःची डिस्क घेऊन जा आणि स्वतः कॉपी करून आणा. अल्बमची पानं वेगळी, मूळ फोटो वेगळे. पानांवर चारशे फोटो असतात, कार्डात चार हजार. ज्या आजीचा फोटो अल्बममध्ये आला नाही, तिचा एकुलता चांगला फोटो त्या चार हजारांत असतो.

चांगले व्यावसायिक फोटोग्राफर स्वतः फार शिस्तीचे असतात. कॅमेऱ्यात दोन कार्डं, दोन्हींवर एकदम फोटो. दोन डिस्कवर कॉपी होऊन तपासल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करायचं नाही. पीटर क्रोग या अमेरिकी फोटोग्राफरने डिजिटल फोटो सांभाळण्यावर पुस्तक लिहिलं आणि एक नियम रूढ केला: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक प्रत दुसऱ्या जागी. आज बँकांपासून रुग्णालयांपर्यंत हाच नियम सांगितला जातो. घराला तो आणखी सोप्या शब्दांत सांगता येतो: दोन डिस्क, दोन घरं, आणि जमेल तर क्लाउड.

*

दुसरं घर कशाला, असं विचारणाऱ्यांना चित्रपटांच्या दोन गोष्टी सांगतो.

१४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात ‘आलम आरा’ लागला. पहिला भारतीय बोलपट. आज त्याची एकही प्रत उपलब्ध नाही. दादासाहेब फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ची पूर्ण प्रत कुठेच नाही. भारतात तेराशेहून अधिक मूकपट बनले. उरलेत तीसच्या आसपास, आणि त्यांतलेही बरेच तुकड्यांत. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं १९६४ साली. तोवर कितीतरी रिळं जळाली, सडली, आतल्या चांदीसाठी विकली गेली. पी. के. नायर यांनी पुढे आयुष्य वेचून मिळेल ते गोळा केलं, म्हणून निदान तेवढं तरी आपल्याकडे आहे. या चित्रपटांवर लोकांचं प्रेम नव्हतं, असं कोण म्हणेल? त्यांच्यासाठी थिएटरबाहेर झुंबड उडत होती. पण सांभाळायचं काम कुणाचंच नव्हतं. आपल्या घरांत नेमकं हेच चालू आहे.

दुसरी गोष्ट १९९८ची. पिक्सार या अमेरिकी कंपनीत ‘टॉय स्टोरी २’चं काम चालू होतं. एका चुकीच्या आज्ञेने सर्व्हरवरच्या फाइल भराभर पुसल्या जाऊ लागल्या. बॅकअप होता; पण तो नीट होत नव्हता, हे तोवर कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. चित्रपट वाचला तो गॅलिन सुसमन यांच्यामुळे. बाळंतपणानंतर त्या घरून काम करत होत्या आणि चित्रपटाची प्रत त्यांच्या घरच्या संगणकावर होती. कंपनीच्या यंत्रणेला जे जमलं नाही, ते दुसऱ्या घरातल्या एका प्रतीने केलं.

ही गोष्ट आपल्यापासून लांबची वाटत असेल, तर जवळची आठवा. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. २०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णा-पंचगंगेचं पाणी सांगली-कोल्हापूरच्या घरांत शिरलं. २०२१च्या जुलैत वाशिष्ठीने चिपळूण बुडवलं, सावित्रीने महाड. मूळ डिस्क आणि तिची दुसरी प्रत एकाच कपाटात असतील, तर पुराला, आगीला, चोराला त्या दोन नसतात. एकच असते. चिपळूणच्या घराची दुसरी प्रत चिपळुणात नको. ती पुण्याच्या बहिणीकडे हवी. बहिणीची आपल्याकडे हवी.

डिस्क भिजलीच, तर ती पुसून-वाळवून संगणकाला लावू नका, तांदळात ठेवू नका, हेअर ड्रायर मारू नका. वीज लावली की आतला चिखल तबकड्यांवर फिरतो. तशीच पिशवीत बंद करा आणि थेट तज्ज्ञाकडे न्या.

*

आता कामाला लागा. क्रम सांगतो.

सर्वात आधी सीडी. २०००च्या दशकात लग्नं सीडी-डीव्हीडीवर मिळाली. त्या कपाटात आहेत आणि नव्या लॅपटॉपला त्या वाचणारा ड्राइव्हच नाही. घरी लिहिलेल्या सीडीतला रंगाचा थर उष्णतेने आणि दमटपणाने खराब होतो. कोकणात तर सीडीवर बुरशी धरते. वाट बघू नका. बाहेरून लावायचा डीव्हीडी ड्राइव्ह कुणाकडून तरी मागून आणा आणि या महिन्यात सगळ्या सीडी उतरवून घ्या. बीबीसीने १९८६ साली ब्रिटनच्या रोजच्या जीवनाची प्रचंड नोंद लेझर डिस्कवर केली. पंधरा वर्षांत ती वाचणारी यंत्रं दुर्मीळ झाली आणि ती नोंद सोडवायला खास मोहीम काढावी लागली. ज्या ‘डूम्सडे बुक’च्या नऊशेव्या वर्षानिमित्त हे केलं, ती १०८६ सालची चर्मपत्रावरची नोंद आजही वाचता येते. फोटो ज्या वस्तूवर आहेत ती टिकून भागत नाही, ती वाचणारं यंत्रही टिकावं लागतं.

मग सगळे फोन, पेनड्राइव्ह, मेमरी कार्डं, जुना लॅपटॉप यांतले फोटो एका डिस्कवर आणा. इथे तीन नियम कधीही मोडू नका.

पहिला: कट-पेस्ट नाही. कॉपी करा, तपासा, मग मूळ पुसा. कट करत असताना केबल हलली तर ती फाइल ना इकडे ना तिकडे, अशी पाळी येऊ शकते.

दुसरा: प्रत्येक उपकरणाचे फोटो आधी वेगळ्या फोल्डरमध्ये. कॅमेरे ९९९९ नंतर पुन्हा ०००१पासून मोजू लागतात. त्यामुळे महाबळेश्वरच्या सहलीतला आणि मुंजीतला फोटो एकाच नावाचा असू शकतो. दोन्ही एका फोल्डरमध्ये ओतताना संगणक विचारतो, ‘रिप्लेस करू का?’ घाईत ‘होय’ दाबलं की एक फोटो गेला. अशा रीतीने गेलेल्या फोटोंची तर आठवणही राहत नाही.

तिसरा: आणताना निवड करायची नाही. आधी सगळं जमा, त्याच्या दोन प्रती, मग छाटणी. दमलेला माणूस रात्री बारा वाजता चुकीचा फोटो पुसतो.

मग नावं. वर्षाचं एक फोल्डर, त्यात प्रसंगांची फोल्डरं. प्रसंगाच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग ठिकाण आणि प्रसंग: ‘2019-05-12 सातारा मुंज’. असं लिहिलं की संगणक आपोआप काळाच्या क्रमाने लावतो. आकडे इंग्रजी लिपीतले ठेवा, कॅमेरेही तेच वापरतात. ‘न्यू फोल्डर २’, ‘मम्मीचा फोन जुना’, ‘फायनल फायनल’ या नावांनी काहीही सापडत नाही. अल्बम स्कॅन करून आणलेल्या फोटोंवर स्कॅनची तारीख पडते. आजीच्या लग्नाचा फोटो २०२२च्या ढिगात जाऊन बसतो. तिथे फोल्डरच्या नावात अंदाजाने का होईना, खरं साल लिहा.

छाटणीत निर्दय व्हा. गुड मॉर्निंगची फुलं, पार्किंगच्या खांबाचा नंबर, एकाच केक कापण्याचे तीस फोटो हवेत कशाला? पुनरावृत्ती शोधायला डुपगुरूसारखी मोफत साधनं आहेत. साधारण ५ एमबीचा एक धरला, तर १ टीबीच्या डिस्कवर दोन लाख फोटो मावतात, म्हणून जागेची ओरड खरी नाही. ओरड वेळेची आहे. दोन लाख फोटो तुमच्यानंतर कुणीही बघणार नाही. दर वर्षाचे शंभर-दोनशे निवडा आणि ‘निवडक’ नावाच्या वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. त्यांतले सर्वात मोलाचे चांगल्या कागदावर छापून घ्या. इंटरनेटच्या जनकांपैकी एक असलेल्या विंट सर्फ यांनी २०१५ साली हाच सल्ला दिला होता: ज्या फोटोंची खरोखर काळजी आहे, ते छापा.

याच ढिगात आधार, पॅन, बँकेच्या पासबुकाचे फोटो असतात. ते आधी बाहेर काढा. ते पासवर्डच्या आड, वेगळ्या जागी. कौटुंबिक फोटोंच्या डिस्कला पासवर्ड लावायचा असेल, तर तो कागदावर लिहून घरातल्या दुसऱ्या माणसाच्या हाती द्या. पासवर्ड विसरलेली कुलूपबंद डिस्क आणि जळालेली डिस्क यांत काही फरक नसतो.

*

यानंतरचं काम संगणक करू शकत नाही. फोटोतल्या माणसांची नावं.

चेहरे ओळखणारं सॉफ्टवेअर एकाच बाईचे पाचशे फोटो गोळा करून देईल. पण ही मुंबईच्या काकूंची धाकटी जाऊ, हिनेच आईला शिवण शिकवलं, हे तिथे कुणी लिहिलं नाही तर ते कायमचं गेलं. प्रत्येक घरात एक माणूस असा असतो, ज्याला जुन्या फोटोतले सगळे चेहरे माहीत असतात. बहुतेक घरांत तो माणूस ऐंशीच्या पुढचा आहे. डिस्कपेक्षा त्यांचा वेळ कमी आहे, हे स्पष्ट शब्दांत लिहायला मला संकोच वाटत नाही. त्यांच्यापुढे फोटो ठेवा, फोनवर त्यांचं बोलणं रेकॉर्ड करा, आणि त्याच फोल्डरमध्ये ‘माहिती’ नावाची एक साधी टेक्स्ट फाइल करून लिहा: डावीकडून कोण, कुठे, कधी, कशासाठी. डिजीकॅमसारख्या मोफत सॉफ्टवेअरने हीच ओळ फोटोच्या आतही लिहिता येते. मग फोटो कुठेही गेला तरी नाव त्याच्याबरोबर जातं.

‘दादाला माहीत आहे’ या चौथ्या उत्तराचा इलाजही हाच. जे एकट्या दादाला माहीत आहे, ते दादाबरोबर जाणार. डिस्क कुठे आहेत, कोणती नवी, कोणती जुनी, खात्यांचे पासवर्ड कुठे लिहिलेत, हे एका कागदावर लिहा आणि घरच्या विम्याच्या कागदांबरोबर ठेवा. खातं निष्क्रिय झालं तर ते कुणाच्या हाती द्यायचं, हे गुगलमध्ये आधीच नोंदवता येतं. ॲपलमध्येही वारस-संपर्क नेमता येतो. दोन्ही कामं पंधरा मिनिटांची आहेत.

*

शेवटी डिस्कची रोजची राखण. दोन डिस्क दोन वेगळ्या कंपन्यांच्या घ्या, म्हणजे एकाच सदोष खेपेत दोन्ही सापडणार नाहीत. विंडोज आणि मॅक दोन्हींवर चालायला हवी असेल तर एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट करा. पण ती पद्धत अचानक केबल ओढलेली सहन करत नाही. ‘इजेक्ट’ दाबल्याशिवाय डिस्क काढू नका. काम झालं की डिस्क काढून ठेवा. संगणकात खंडणीखोर व्हायरस शिरला, तर तो जोडलेल्या डिस्कवरच्या फाइलही कुलूपबंद करतो. कपाटातल्या डिस्कला त्याचा हात पोचत नाही. झिपच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुडीसह, वरच्या फळीवर, न्हाणीघराच्या भिंतीपासून दूर ठेवा. वर खरेदीचं साल लिहा. पाचेक वर्षं झाली की नवी घेऊन सगळं हलवा, ती चालू असली तरी. आणि जुनी भंगारात देण्याआधी ती पूर्ण पुसून द्या. नुसतं क्विक फॉरमॅट मारलेल्या डिस्कवरचे फोटो परत काढता येतात.

तपासणं विसरू नका. दोन्ही डिस्कवरच्या फाइलची संख्या आणि एकूण आकार जुळतात का ते बघा, फ्रीफाइलसिंकसारख्या साधनाने आतला मजकूर पडताळा, आणि अधूनमधून कुठलाही एक जुना व्हिडिओ उघडून शेवटपर्यंत पाहा. न तपासलेला बॅकअप पिक्सारकडेही होता.

तारखा पक्क्या करा, नाहीतर हे होणार नाही. पाडव्याला घरातल्या डिस्कवर नवे फोटो भरा. भाऊबीजेला बहीण-भाऊ भेटतात, तेव्हा आपली ताजी प्रत तिच्याकडे द्या, तिची आपल्याकडे आणा. कॅलेंडरवर आजच खूण करा.

दोन डिस्कचा खर्च लग्नाच्या अल्बमच्या खर्चाचा लहानसा भाग आहे. लागणारा वेळ काही रविवारांचा आहे. येत्या रविवारी सीडींपासून सुरुवात करा. हे केलं नाही, तर तुमच्या नातवंडांना पणजीचा चेहरा माहीत नसेल, आणि त्याचा दोष डिस्कला देता येणार नाही.